यूएसबी सिरियल ड्रायव्हर लिहिताना बफरच्या या चुका टाळा

2014 साली लिनक्सच्या व्हाइटहीट या यूएसबी सिरियल ड्रायव्हरमध्ये एक गंभीर फट सापडली. डिव्हाइसच्या उत्तरासाठी 64 बाइटचं बफर (डेटा तात्पुरता ठेवायची मेमरी) होतं आणि लांबी न तपासताच मेमकॉपी फंक्शनने त्यात डेटा कॉपी होत होता. मुद्दाम बनवलेल्या डिव्हाइसने जास्त बाइट पाठवले की शेजारची कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) मेमरी बिघडायची. कर्नल 3.16.2 मध्ये दुरुस्ती आली, पण हीच चूक नव्या ड्रायव्हरमध्येही सहज होते.

लांबी डिव्हाइस ठरवतं, म्हणून ती दोन्ही बाजूंनी तपासा. वरची मर्यादा बहुतेकांच्या लक्षात राहते, खालची सुटते. पहिला बाइट कमांडचा म्हणून ॲक्च्युअल लेंग्थमधून (प्रत्यक्ष आलेल्या बाइटांच्या संख्येतून) 1 वजा केला आणि आले 0 बाइट, तर उत्तर उणे 1. मेमकॉपीला ऋण संख्या कळत नाही; ती प्रचंड मोठी लांबी समजून कॉपी करत सुटते.

एफटीडीआय कंपनीच्या फुल-स्पीड यूएसबी-सिरियल चिपमध्ये 64 बाइटच्या प्रत्येक पॅकेटचे पहिले 2 बाइट स्थितीचे असतात. ते बफरच्या सुरुवातीला एकदाच काढले, तर टर्मिनलवर दर 62 बाइटांनंतर दोन बाइट कचरा दिसतो. हे लक्षण दिसलं की बॉड रेट (सिरियल लाइनचा वेग) तपासत बसू नका.

कंट्रोल रीडचा (डिव्हाइसची स्थिती किंवा सेटिंग वाचणाऱ्या विनंतीचा) निकाल शून्यापेक्षा लहान नाही, म्हणजे एरर नाही, एवढंच पाहणंही अपुरं. 2 बाइट मागितले आणि 1 आला, तर दुसऱ्या जागी बफरमधला जुना कचरा वाचला जातो. ड्रायव्हर कधी चालतो, कधी नाही, त्याचं कारण बरेचदा हेच. मागितले तेवढेच बाइट आले का, ते पाहा.

डीएमएसाठी (हार्डवेअर थेट मेमरीत वाचतं-लिहितं त्यासाठी) स्टॅकवरचा, म्हणजे फंक्शनमधला स्थानिक, ॲरे देऊ नका. बफर केमॅलॉकने (कर्नलमध्ये मेमरी मागणारं फंक्शन) घ्या. ते स्ट्रक्चरमध्येही कोंबू नका. काही एआरएम बोर्डांवर शेजारचं फील्ड त्याच कॅश लाइनमध्ये (प्रोसेसरच्या कॅशच्या एका तुकड्यात) येतं आणि डेटा बिघडतो.

केबल काढल्यावर केफ्रीने मेमरी सोडण्याआधी यूएसबी किल यूआरबी हे फंक्शन बोलवा; ते चालू यूआरबी (यूएसबीवरची डेटाची विनंती) रद्द करतं. ते कॉलबॅक (विनंती पूर्ण झाल्यावर चालणारं फंक्शन) संपेपर्यंत थांबतं, म्हणून स्पिनलॉक (ज्यात थांबून झोपता येत नाही असं कुलूप) धरून बोलवू नका. वर्कक्यू (मागे चालणाऱ्या कामांची रांग) किंवा टायमर यूआरबी सबमिट करत असेल, तर तो त्याच्याही आधी बंद करा.

तपासणीसाठी केएएसएएन (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) चालू असलेला कर्नल बिल्ड करा आणि डेटा वाहत असताना केबल उपटा, निदान वीस-पंचवीस वेळा. यूज-आफ्टर-फ्री (सोडलेली मेमरी पुन्हा वापरणं) असेल, तर कोणत्या फंक्शनमध्ये मेमरी सोडली आणि कोणत्या फंक्शनमध्ये ती पुन्हा वापरली, हे डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) दिसतं.