सेवाग्राम : युद्धकाळातले मुख्यालय कसे पाहावे

दुसरे महायुद्ध चालू असताना या देशाने काय भूमिका घ्यावी याचा खल ज्या घरात झाला, ते मातीच्या भिंतींचे आणि कवेलूंच्या छपराचे घर वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर सेवाग्रामला गांधीजींच्या आश्रमात आजही उभे आहे. विदर्भातल्या पुष्कळांनी ते शाळेच्या सहलीत एकदा पाहिलेले असते. मीही तसेच पाहिले होते. रांगेने आत गेलो, रांगेने बाहेर आलो आणि चरखा सोडून काहीही लक्षात राहिले नाही. पुढे मोठेपणी दोन दिवस काढून गेलो, तेव्हा कळले की ही जागा केवळ नमस्कार करून परतण्याची नाही. इथे सैन्य नव्हते आणि शस्त्रही नव्हते. पण लढ्याच्या मुख्यालयाला जे जे लागते ते सगळे, म्हणजे दप्तर, टपाल, टेलिफोन, बैठकीची जागा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची सोय, या अंगणात होते. तेवढे मनात धरून पाहिले, तर प्रत्येक कुटी वेगळी दिसू लागते.

निघण्यापूर्वी दोन तारखा घरीच वाचून ठेवाव्यात. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय पुढाऱ्यांना न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केल्यावर काँग्रेस कार्यसमिती वर्ध्यात बसली आणि १४ सप्टेंबर १९३९ रोजी तिने ब्रिटिशांना युद्धाचा हेतू स्पष्ट करण्यास सांगितले. जवळजवळ तीन वर्षांनी, १४ जुलै १९४२ रोजी, ब्रिटिश सत्ता संपली पाहिजे असा ठराव याच समितीने पुन्हा वर्ध्यातच केला, आणि त्यावर ८ ऑगस्टला मुंबईत शिक्कामोर्तब झाले. या दोन तारखांमधला काळ म्हणजे या घराचा युद्धकाळ होय. मुले सोबत असतील तर एवढे त्यांना गाडीतच सांगावे. आश्रमात शिरल्यावर सांगत बसलो, तर पाहणे राहून जाते.

तिकीट काढताना नावाकडे नीट लक्ष द्यावे. या गावाचे मूळ नाव सेगाव होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जात असे, म्हणून १९४० साली सेवाग्राम हे नाव ठरले. रेल्वेने येणाऱ्यांना वर्धा आणि सेवाग्राम अशी दोन स्थानके आहेत. कोणत्याही स्थानकावर उतरले तरी पुढे ऑटो मिळतो. दिवाळीनंतर ते माघापर्यंतचे दिवस उत्तम. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, लहान मुलांना आणि वृद्धांना आणू नये. १९४२ च्या जूनमध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर इथे आठवडाभर राहिले होते, आणि उकाड्यापुढे हात टेकून त्यांनी पाण्याच्या टबात खोके ठेवून त्यावर बसून टंकलेखन केले होते.

शक्य असेल तर आदल्या दिवशी दुपारनंतर पोहोचावे, संध्याकाळच्या प्रार्थनेला मैदानात बसावे आणि कुट्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहाव्यात. समोरच्या यात्री निवासात मुक्काम करायचा असल्यास आधी विचारून घ्यावे. सकाळी गर्दी नसते, तिरप्या उन्हात भिंतींवरचा हात फिरल्याचा पोत दिसतो आणि आत शांत बसता येते.

पाहण्याची सुरुवात आदि निवासापासून करावी. १९३६ साली गांधीजी सेगावला आले तेव्हाचे हे पहिले घर. गांधीजी, कस्तुरबा, सहकारी आणि पाहुणे सगळे याच एका छपराखाली राहत होते. १९४२ च्या लढ्याची पहिली बैठक याच घरात झाली, असे आश्रमात सांगितले जाते. त्यानंतर लगेच दप्तराच्या खोलीत जावे, कारण मला विचाराल तर सगळ्या आश्रमात हीच जागा सर्वांत बोलकी आहे. व्हाइसरॉयला गरज पडताच सेवाग्रामशी बोलता यावे म्हणून सरकारने बसवून दिलेला टेलिफोन इथे आहे. ज्या सत्तेला पुढे याच माणसाला अटक करायची होती, त्याच सत्तेने त्याच्या दारापर्यंत तार ओढून दिली होती. साप पकडून दूर नेऊन सोडण्यासाठी वापरला जाणारा पिंजराही आश्रमात पाहायला मिळतो. तो पाहून मुले हसतात. त्यांना हसू द्यावे, आणि मग साप मारायचा नाही हा इथला नियम होता, हे सांगावे.

बापू कुटी मुळात गांधीजींच्या इंग्रज शिष्या मीराबेन यांची. भिंतीवर मातीतच उठवलेली ताडाची झाडे आणि ॐ हे त्यांच्या हातचे काम आहे. चपला बाहेर काढून आत निदान दहा मिनिटे जमिनीवर बसावे. उभ्याने पाहिले तर ही खोली नुसती रिकामी वाटते; खाली बसले की चटई, बुटके मेज आणि खिडकी यांची उंची बसलेल्या माणसासाठीच ठरवलेली आहे, हे ध्यानात येते. शाळेची सहल असेल, तर शिक्षकांनी एका वेळी दहा-बारा मुलेच आत न्यावीत आणि बाकीच्यांना १९३६ साली लावलेल्या पिंपळाखाली थांबवावे.

बा कुटी आणि महादेवभाईंची कुटी मात्र एकापाठोपाठ पाहाव्यात. गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई सुरुवातीच्या काळात वर्ध्यातल्या मगनवाडीहून रोज पायी सेगावला येत आणि पायीच परत जात, तेही वर्ध्याच्या उन्हात. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक होऊन ते गांधीजींबरोबर पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गेले आणि सहा दिवसांनी, १५ ऑगस्टला, तिथेच वारले. कस्तुरबाही त्याच कैदेत २२ फेब्रुवारी १९४४ रोजी गेल्या. त्याच वर्षी सुटका होऊन गांधीजी सेवाग्रामला परतले तेव्हा या दोन्ही घरांची माणसे उरली नव्हती. या दोन दारांपाशी मला दर वेळी थांबावे लागते. कुणी सोबत असेल तर त्यालाही इथे घाई करू देऊ नये.

शेवटी आखिरी निवास पाहावा. १९४६ च्या ऑगस्टमध्ये गांधीजी इथून दिल्लीला गेले, ते पुन्हा सेवाग्रामला आले नाहीत.

दुपार हाती असल्यास वर्धा-नागपूर रस्त्यावर धाम नदीकाठी पवनारला जावे. युद्धाविरुद्ध बोलून वैयक्तिक सत्याग्रह करणारे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांची निवड झाली होती, आणि १७ ऑक्टोबर १९४० रोजी त्यांनी पवनारमध्येच भाषण करून त्याचा आरंभ केला. नागपूरकडे परतणाऱ्यांना हे गाव वाटेवरच लागते, म्हणून सामान सोबतच घेऊन निघावे.