मेनी-वर्ल्ड्स शिकताना या चुका टाळा, आणि फांद्या मोजणं तर नक्कीच टाळा

गेली सात-आठ वर्षं दर रविवारी बीएस्सीची चार-पाच पोरं माझ्याकडे क्वांटम शिकायला बसतात, आणि दरवर्षी कुणीतरी पहिल्याच रविवारी विचारतं, "सर, मेनी-वर्ल्ड्स कधी घेणार?" मेनी-वर्ल्ड्स म्हणजे मोजमापाचे सगळेच निकाल वेगवेगळ्या जगांत घडतात, असा क्वांटमचा अर्थ लावणारी थिअरी. प्रश्न मला मनापासून आवडतो, पण त्याच्या मागोमाग येणाऱ्या चुका दरवर्षी त्याच असतात, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

आधी मूळ म्हणणं काय ते बघा. ह्यू एव्हरेटने १९५७ साली प्रिन्स्टनला पीएचडी करताना एवढंच म्हटलं की श्रोडिंगरचं समीकरण, म्हणजे क्वांटम अवस्था वेळेनुसार कशी बदलते ते सांगणारं, मोजमापाच्या वेळीही तसंच लागू ठेवा, मधेच कोलॅप्स, म्हणजे एक निकाल उरून बाकीचे नाहीसे होणं, आणू नका. मग यंत्र, बघणारा माणूस, सगळेच सुपरपोझिशनमध्ये, म्हणजे अनेक शक्य अवस्थांच्या एकत्र बेरजेत, जातात आणि त्या सुपरपोझिशनचे भाग एकमेकांपासून सुटे होतात, त्या फांद्या. एव्हरेटचा शब्द होता 'रिलेटिव्ह स्टेट'. 'मेनी-वर्ल्ड्स' हे नाव पुढे ब्राइस डिविटने रुळवलं, आणि अर्धा गोंधळ या नावानेच केलाय असं माझं मत आहे.

आता सगळ्यात मोठी चूक, फांद्या मोजून शक्यता काढणं. मागच्या वर्षी एक मुलगा आला होता, हुशार, पण सगळं व्हिडिओ बघून झालेलं, कागदावर एक ओळ सोडवलेली नाही. तो म्हणाला, निकाल दोन म्हणजे जगं दोन, मग आपण कुठल्या जगात असू त्याची शक्यता पन्नास-पन्नास टक्के. ऐकायला इतकं सरळ वाटतं की बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मी अर्धा तास फळ्यावर घालवला, कुणाला पटेना. शेवटी कपाटातून पोलरायझरच्या, म्हणजे एकाच दिशेत कंपणारा प्रकाश पार जाऊ देणाऱ्या, दोन शीट काढल्या, खोलीत अंधार केला, टेबल लॅम्पखाली मोबाईल ठेवून लक्स मीटरचं अ‍ॅप चालू केलं. दोन्ही शीट एका दिशेत धरल्या तेव्हा आकडा ४०० च्या आसपास. मग त्यालाच सांगितलं, वरची शीट हळूहळू ६० अंश फिरव. आकडा उतरत उतरत १०० पाशी येऊन थांबला. म्हटलं, अरे, पहिल्या शीटमधून आलेल्या प्रत्येक फोटॉनपुढे दुसऱ्या शीटपाशी दोनच निकाल आहेत, पार जाईल नाहीतर शोषला जाईल, तुझ्या हिशेबाने २०० यायला हवे होते ना? तो बराच वेळ शीट मागेपुढे करत बसला, ३० अंशांवर ३०० च्या जवळ, ४५ वर २००, ९० वर जवळपास काहीच नाही. आणि मधल्या प्रत्येक कोनाला निकाल मात्र दोनच.

प्रत्येक फांदीला अ‍ॅम्प्लिट्यूड असतो, म्हणजे समीकरणातून निघणारा एक आकडा, आणि त्याचा वर्ग म्हणजे त्या फांदीचं वजन. ६० अंशांचा कोसाइन अर्धा, त्याचा वर्ग पाव, आणि ४०० चा पाव १००. हाच बॉर्नचा नियम, १९२६ चा. शिवाय फांद्यांची पक्की संख्या नसतेच मुळी. हवेचे रेणू, भिंतीवरून येणारा प्रकाश, सगळ्यांशी एन्टँगलमेंट, म्हणजे अवस्था एकमेकांत गुंतणं, होत होत डिकोहेरन्स, म्हणजे फांद्या एकमेकांपासून सुट्या होणं, घडतं, त्यात एक फांदी कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली हे किती बारीक बघता त्यावर ठरतं. सह्याद्रीत डोंगर किती, असं विचारल्यासारखं आहे ते. पण सगळे निकाल घडतातच तर वजनाला 'शक्यता' का म्हणायचं, हा प्रश्न खरोखर अवघड आहे. डेव्हिड डॉइचने १९९९ साली निर्णयशास्त्रातून त्याचं उत्तर मांडलं, डेव्हिड वॉलेसने ते पुढे नेलं, तरी वाद मिटलेला नाही. भांडायचं असेल तर इथे भांडा, इथे भांडण्यासारखं खूप आहे.

दुसरी चूक मला जास्त लागते. "मी निर्णय घेतला की जग फुटतं." एक मुलगी प्रवेश परीक्षेत थोडक्यात राहिली, आणि पुढे तीन महिने म्हणत होती, सर, कुठल्यातरी जगात मी पास झालेय. तिला दिलासा मिळत असेल असं वाटून मी सुरुवातीला गप्प बसलो, ते बसायला नको होतं, कारण दिलासा बाजूलाच राहिला आणि त्या दुसऱ्या जगातल्या स्वतःचाच हेवा करत ती पुस्तक उघडेना. फांद्या फुटायला तुमचा निर्णय लागत नाही. तुमच्या शरीरातल्या पोटॅशियम-४० चे दर सेकंदाला चारेक हजार अणू किरणोत्सर्गाने फुटतायत, आणि त्यातून फांद्याही, तुम्ही झोपलात तरी. आणि मेंदूतली सुपरपोझिशन किती टिकेल याचा अंदाज मॅक्स टेगमार्क या भौतिकशास्त्रज्ञाने २००० साली काढला, सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागापेक्षाही कमी. म्हणजे चहा की कॉफी हे ठरवताना मेंदूतली चक्रं नेहमीच्या फिजिक्सनेच चालतात. "तेव्हा हे केलं असतं तर" या वाक्याचा भार या थिअरीवर टाकू नका. ती मुलगी पुढच्या वर्षी परत बसली, याच जगात अभ्यास करून.

"कुठल्यातरी जगात काहीही घडतं" हेही चूकच. समीकरण जे होऊ देत नाही ते कुठेच होत नाही, इलेक्ट्रॉनचा चार्ज कुठल्याही फांदीत नाहीसा होत नाही.

जगं दोन झाली की ऊर्जा दुप्पट होते का? नाही होत, हिशेबात प्रत्येक फांदीची ऊर्जा तिच्या वजनाने गुणून धरतात. फांद्या फुटायला बघणाऱ्याची जाणीव लागते का? नाही, किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर पुरतो. महास्फोटानंतरच्या इन्फ्लेशनमधून येणारं मल्टिव्हर्स हेच का? तो विषयच वेगळा आहे, कृपया एका वाक्यात दोन्ही घालू नका.

आणि "सिद्ध झालंय" म्हणू नका. १९९९ साली व्हिएन्नात साठ कार्बन अणूंच्या रेणूचं इंटरफेरन्स, म्हणजे लहरींसारखं एकमेकांत मिसळणं, दिसलं, २०१९ पर्यंत मजल दोन हजार अणूंच्या रेणूंपर्यंत गेली. ग्रेट काम आहे, पण त्यातून एवढंच कळतं की तेवढ्या आकारापर्यंत सुपरपोझिशन टिकते. कोलॅप्स त्याहून मोठ्या वस्तूंमध्ये होतो असं मानणाऱ्याला ते निकाल बिनदिक्कत चालतात.

माझी सवय सांगतो. पहिले दोन महिने मी फक्त स्पिन-अर्धा, म्हणजे मोजल्यावर वर किंवा खाली असे दोनच निकाल देणारा कण, घेतो, दोन बाय दोनच्या मॅट्रिक्स, रोज दोन गणितं. मग एक स्पिन आणि मोजणाऱ्या यंत्राचा एक काटा, काटा वर किंवा खाली. दोघांचं एन्टँगलमेंट स्वतःच्या हाताने लिहायचं आणि काट्याकडे दुर्लक्ष केलं की स्पिनची डेन्सिटी मॅट्रिक्स, म्हणजे त्याच्या अवस्थेचा तक्ता, काय उरते ते काढायचं. घाईवाली पोरं इथेच गळतात, मला वाईट वाटतं, पण शॉर्टकट माझ्याकडे नाही. मॅट्रिक्सच्या मुख्य कर्णाबाहेरचे दोन आकडे शून्य होताना जो स्वतः बघतो त्याला 'फांदी' म्हणजे काय ते मला वेगळं सांगावं लागत नाही. त्यानंतर एव्हरेटचा मूळ पेपर वाचायला देतो, एका रविवारी जास्तीत जास्त दोन पानं.