रूट भरलं, होम रिकामं: पार्टिशनची फेरवाटणी

माझ्या लिनक्स लॅपटॉपचं अपडेट मध्येच थांबलं. डिस्कवर जागा नाही म्हणे. ‘डीएफ -एच’ ही डिस्कचा वापर दाखवणारी कमांड चालवल्यावर उलगडा झाला: २० जीबीचं रूट पार्टिशन (डिस्कवरचा सिस्टिमचा भाग) शंभर टक्के भरलेलं आणि शेजारचं होम (माझ्या फायलींचा भाग) जवळजवळ रिकामं. कोणता फोल्डर किती मोठा ते ‘डीयू’ कमांडने शोधलं, तर बहुतेक जागा ‘व्हार’ फोल्डरने खाल्लेली. त्यात फ्लॅटपॅक पद्धतीने बसवलेली ॲप्स आणि जर्नलचे (सिस्टिमच्या नोंदींचे) जुने लॉग. लॉग छाटून थोडी जागा सुटली, पण ती मलमपट्टीच.

मग फेरवाटणी केली. आधी बॅकअप, तो कृपा करून टाळू नका. लाइव्ह यूएसबीवरून (पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सवरून) बूट करून जीपार्टेड या पार्टिशन बदलायच्या प्रोग्रॅममध्ये होम डावीकडून आकसवलं आणि सुटलेली जागा रूटला जोडली. डावी कड सरकली की सगळा डेटा हलतो, म्हणून वेळ बराच जातो; तोवर लॅपटॉप चार्जरवरच हवा. यूयूआयडी (पार्टिशनचे ओळख-क्रमांक) तेच राहिल्यामुळे एफएसटॅबला (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं त्या यादीला) हात लावावा लागला नाही. माझं होम ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमचं होतं म्हणून हे जमलं. एक्सएफएस फाइल सिस्टिमचं पार्टिशन असं लहान करता येत नाही.

नव्या मशीनवर मी आता सरळ एलव्हीएम (डिस्कच्या भागांचे आकार नंतर सहज बदलू देणारी पद्धत) निवडतो. थोडी जागा न वाटता राखून ठेवायची. गरज पडली की चालू सिस्टिममध्येच ‘एलव्हीएक्सटेंड -आर’ कमांडने रूट वाढवता येतं, लाइव्ह यूएसबी लागतच नाही.