अभ्यासिकेत खाऊचं मशीन बसवताना

फोंड्याच्या आमच्या वाचनालयात नोकरभरतीची जाहिरात आली की सकाळी आठलाच खुर्च्या भरतात. दुपारी गाड्यावर भजी-पाव खायला गेलेल्याची जागा गेलीच समजा. त्यात पाऊस असेल तर गाडाही बंद. म्हणून व्हेंडिंग मशीन आणलं, आणि पहिल्याच आठवड्यात चूक कळली.

आम्ही ते आत, वर्तमानपत्रांच्या स्टँडशेजारी ठेवलं होतं. थंड पेयांचं मशीन म्हणजे फ्रिजच, कॉम्प्रेसर दर थोड्या वेळानं गुरगुरतो. तिसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "काकी, तो घोरतो." मग जिन्याखालच्या पॅसेजमध्ये हलवलं. तुम्ही आधीच दाराबाहेर जागा बघा, पण पावसाची झड येणार नाही अशी. मागे गरम हवेला वीतभर जागा सोडा, खाली स्टँड द्या, सोळा अँपिअरचा वेगळा प्लग, अर्थिंग आणि स्टॅबिलायझर घ्या. पैसे यूपीआयनं घेणार असाल तर नेमक्या त्याच कोपऱ्यात मोबाईल धरून रेंज बघा. जाड चिऱ्याच्या भिंतींआड ती हमखास मरते.

मशीन विकत घेऊ नका. पुरवठादार ते स्वतःच्या खर्चानं ठेवायला तयार असेल तर बरं. विजेसाठी सबमीटर लावा. करारात दुरुस्ती किती तासांत आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दिवसांत, माल कोण भरणार, हे लिहून घ्या. आमचा भरणारा पहिल्या चवथीला गावी गेला तो पाच दिवस आलाच नाही. आत एक बिस्किटपुडा माल पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगला लटकत होता, सगळे येता-जाता काचेवर थापट्या मारत.

तो पुडा का लटकला? स्प्रिंगच्या वेढ्यांतलं अंतर पुड्याच्या जाडीशी जुळत नव्हतं. मालाची जाडी बदलली की स्प्रिंगही बदलावी लागते. वस्तू खाली पडली नाही तर पैसे परत करणारा सेन्सर मागाच, आणि सही करण्याआधी सगळ्यात हलका पुडा टाकून तपासा.

चिप्स ठेवू नका. त्या पुडीचा चुरचुर आवाज वाचनकक्षात कुणालाच सोसत नाही. चिक्की, फुटाणे, बिस्किटं, ताकाचे छोटे डबे चालतात. एका रांगेत काळी पेनं, खोडरबर आणि सॅनिटरी पॅड ठेवा. पाण्याच्या बाटल्यांऐवजी शेजारी फिल्टर लावा.

खाणं पॅसेजमध्येच, हा नियम मात्र कडक हवा. चुऱ्यापाठोपाठ मुंग्या आणि झुरळं येतात, आणि झुरळांना पुस्तकांच्या बांधणीची खळही आवडते. झाकणाचा डबा मशीनला चिकटून ठेवा आणि रोज संध्याकाळी रिकामा करा.