लिंबू, सोडा, रिठा आणि शहाबादी फरशी: घर साफ करताना या चुका टाळा

कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात माजघराला शहाबादी फरशी आहे. एका दिवाळीला मी ती संत्र्या-लिंबाच्या सालींपासून घरीच केलेल्या बायोएन्झाइमने पुसली. पाणी मिसळलं नाही, कारण डाग जुने होते आणि वाटलं, नैसर्गिक आहे, थोडं जास्त झालं तरी काय बिघडणार? तासभर तसंच राहू दिलं. वाळल्यावर फरशीवर पांढरट, खरखरीत पट्टे उमटले. आत्याबाईंनी हात फिरवून पाहिला. म्हणाल्या, “अगं, फरशीला आंबट लावतात व्हय? ताक सांडलं तरी आम्ही लगोलग पुसून घ्यायचो.”

त्या दिवसापासून मी आधी विचारते, ही वस्तू कशाची आहे? आणि मगच तिला काय लावायचं ते ठरवते. बिनरसायनाची म्हणून जी साफसफाई आपण करतो, तिच्यातल्या बहुतेक चुका हा पहिला प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

आंबट कुठे चालतं, कुठे नाही

शहाबादी, कडप्पा, कोटा हे सगळे चुनखडीचे दगड. संगमरवरही त्याच कुळातला, आणि जुन्या मोझॅक टाइल्समध्ये संगमरवराच्या खड्या आणि सिमेंट असतं. या सगळ्यांत कॅल्शियम कार्बोनेट आहे. लिंबू, चिंच, व्हिनेगर, बायोएन्झाइम यांतलं आम्ल त्याला विरघळवतं. म्हणून फरशीवर जो पांढरा पट्टा दिसतो तो डाग नसतोच. तिथला दगड झिजलेला असतो. कितीही घासा, तो जात नाही. मी आठ दिवस घासून पाहिला. शेवटी पॉलिशवाल्याला बोलवावं लागलं. वर तेल चोळून पट्टा झाकायचा प्रयत्न करू नका. तेलावर धूळ बसते आणि महिन्याभरात फरशी काळपट, चिकट होते.

आपल्या घरातली फरशी कुठली हे माहीत नसेल तर कपाटाखालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले, किंवा मिनिटाभराने पुसल्यावर जागा निस्तेज दिसली, तर त्या फरशीला आंबट वर्ज्य. ओट्याचा कडप्पा हमखास विसरला जातो. लिंबू चिरून फोड तिथेच ठेवायची सवय असेल तर ओट्यावरचे गोल फिके डाग त्याचेच आहेत.

अशा फरशीला कोमट पाणी, त्यात अर्धा कप रिठ्याचं पाणी आणि घट्ट पिळलेलं सुती फडकं एवढं बस्स. सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइल्सवर बायोएन्झाइम चालतं, पण बादलीभर पाण्याला दोन-तीन झाकणं, त्याहून जास्त नाही. टाइल्सच्या फटींतलं सिमेंटही आम्लाने झिजतंच.

आंबटाची खरी जागा वेगळी. बोअरचं पाणी असलेल्या घरात नळाच्या तोटीवर, गिझरच्या शॉवरवर, बादलीच्या काठावर जो पांढरा खर बसतो, तो नेमका कॅल्शियमचाच असतो. जे आम्ल फरशी खातं तेच हा खर काढतं. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तोटीला अर्धा तास गुंडाळा, मग घासून स्वच्छ धुवा. रात्रभर ठेवू नका, वरचा क्रोमचा मुलामा खराब होतो.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र

ही फसफस बघायला फार छान वाटते आणि म्हणूनच सगळ्यांना तिचा मोह पडतो. पण सोडा अल्कधर्मी आणि व्हिनेगर आम्लधर्मी. दोघं भेटले की एकमेकांना संपवतात. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. मागे उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी, आणि साफसफाईला ते जवळजवळ साध्या पाण्यासारखंच. कपभर व्हिनेगरचा जोर मोडायला साडेतीन-चार चहाचे चमचे खाण्याचा सोडा पुरतो. दोन्ही आधीच मिसळून बाटलीत भरून ठेवलं तर हाती काही लागत नाही. झाकण घट्ट असेल तर बाटली फुटायची भीती वेगळीच.

वापरायचं तर एकामागून एक. आधी ओल्या फडक्यावर सोडा घेऊन तेलकटपणा घासा, पुसून काढा, आणि मग खर असेल तिथे व्हिनेगर.

मोरी तुंबल्यावरही हाच प्रयोग केला जातो. आमच्याकडे मोरी तुंबायची ती सोमवारी, कारण रविवारी मटण. तांबड्या रश्श्याच्या पातेल्यातली चरबी गरम असताना पाण्यासारखी वाहून जाते आणि पुढे पाइपात थंड होऊन मेणासारखी थिजते. तिला सोडा-व्हिनेगरचा फेस काही करू शकत नाही. पातेलं धुण्याआधी राखेने, कोंड्याने किंवा जुन्या कागदाने पुसून तो कचरा डब्यात टाकायचा, हा त्यावरचा खरा उपाय. तुंबलीच, तर जाळी काढून हाताने गाळ काढा, कढत पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून ओता, आणि तरीही नाही हललं तर रबरी पंप. पाणी अगदी उकळतं ओतू नका, पीव्हीसीचा पाइप मऊ पडतो. आणि धुण्याचा सोडा खाण्याच्या सोड्यापेक्षा बराच तीव्र असतो, त्याला हातमोजे लागतात. दोघांचे डबे शेजारी ठेवू नका.

बायोएन्झाइम बिघडतं ते गुळापाशी

प्रमाण सगळ्यांना पाठ असतं: १ भाग गूळ, ३ भाग साली, १० भाग पाणी, आणि ३ महिने. म्हणजे १०० ग्रॅम गुळाला ३०० ग्रॅम साली आणि १ लिटर पाणी. तरीही पहिल्या खेपेला अनेकांचं बिघडतं.

गुळाच्या गावात राहून आपण गूळ निवडताना चुकतो. दिसायला पिवळाधमक व्हावा म्हणून काही गुळात हायड्रोस, म्हणजे रंग उजळवणारी रासायनिक पावडर, घातलेलं असतं. त्यातून उरणारे सल्फाइट जंतूंची वाढ रोखतात, आणि आपल्याला तर इथे जंतूच वाढवायचे आहेत! बरणी पंधरा दिवस गप्प बसली, बुडबुडे नाहीत, वास बदलला नाही, तर बहुधा गुळाचंच कारण असतं. गडद तपकिरी, बिनरसायनाचा गूळ घ्या. थंडीत आंबायला वेळ लागतो हेही ध्यानात ठेवा. मी उसाचा हंगाम संपत आला की फेब्रुवारीत लावते, म्हणजे उन्हाळ्याची ऊब मिळते.

बरणी काचेची नको, प्लास्टिकची रुंद तोंडाची घ्या. तिचा एक तृतीयांश भाग रिकामा सोडा. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्या. दोन दिवस गावाला जायचं असेल तर शेजारी सांगून जा किंवा झाकण सैलच ठेवा. वर पांढरा पातळ थर आला तर घाबरायचं कारण नाही, ढवळून टाका. काळी-हिरवी बुरशी आणि कुजका वास आला तर मात्र मोह न धरता सगळं कंपोस्टच्या खड्ड्यात.

रिठा, आणि त्याचं पाणी जातं कुठे

रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं, त्याचाच फेस होतो. १०-१२ रिठे बिया काढून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवायचे, सकाळी १५-२० मिनिटं उकळून कुस्करायचे, गाळायचे. चूक पुढे होते: दोन लिटर करून बाटलीत भरून मोरीपाशी ठेवलं जातं. त्यात टिकवणारं काहीच नसतं. उन्हाळ्यात ते तिसऱ्या दिवशी आंबूस होतं आणि त्या पाण्याने घासलेल्या भांड्यांना वास राहतो. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. मी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवते आणि रोज दोन खडे काढते. फेस कमी येतो म्हणून रिठे वाढवत बसू नका. फेस आणि स्वच्छता या एक गोष्टी नव्हेत. डोळ्यांत गेलं तर मात्र फार झोंबतं, मुलांच्या हाती देऊ नका.

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. रिठा नैसर्गिक आहे म्हणून तो पाण्यातल्या जिवांना चालतो असं नाही. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना इजा करतं. सॅपोनिन असलेल्या वनस्पती पाण्यात टाकून मासे गुंगवून पकडायची रीत जगात अनेक ठिकाणी होती. तेव्हा पंचगंगेच्या घाटावर किंवा रंकाळा तलावाच्या काठी बसून “आम्ही तर रिठ्यानेच धुतो” म्हणत गोधड्या धुणं हे नदीवर उपकार नव्हेत. रंकाळ्यावर केंदाळ, म्हणजे जलपर्णी, पसरलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको की सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस त्याला खत म्हणून पुरतो. मी डिटर्जंट कमी केलं ते त्या केंदाळापायी. पण रिठ्याचं पाणीसुद्धा घरच्या मोरीतच, भरपूर पाण्याबरोबर गेलं पाहिजे. विहिरीत, तळ्यात, कमळाच्या कुंडीत नाही.

पुरानंतर घरगुती उपायांवर विसंबू नका

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. शाहूपुरीत माझ्या मावशीच्या घरातला गाळ काढायला आम्ही सगळे गेलो होतो. कुणी कडुलिंबाचा पाला उकळून आणला, कुणी कापूर, मी बायोएन्झाइमची बाटली. आज सांगते, त्या दिवशी यांपैकी कशाचाच उपयोग नव्हता. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी, मेलेली जनावरं, उंदरांचं मूत्र सगळं मिसळलेलं असतं. लेप्टोस्पायरोसिससारखा आजार त्यातूनच होतो. व्हिनेगर, लिंबू, बायोएन्झाइम यांनी रोजचा मळ निघतो, पण रोगजंतू मरतीलच याचा भरवसा नाही.

पुरात रबरी बूट आणि हातमोजे घाला, जखम असेल तर झाकून घ्या. आधी खोऱ्याने गाळ ओढा, मग साबण-पाण्याने धुवा, आणि सगळ्यात शेवटी ब्लीचिंग पावडरचं पाणी, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात. गाळावरच पावडर भुरभुरवली तर तिचा क्लोरीन गाळातच खर्च होतो, खालच्या फरशीपर्यंत पोचत नाही.

आणि हे मात्र घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: ब्लीचिंग पावडरवर व्हिनेगर, लिंबू, बायोएन्झाइम किंवा संडासचं ॲसिड कधीही पडता कामा नये. विषारी क्लोरीन वायू सुटतो. मावशीच्या गल्लीत एका घरी न्हाणीघरात ब्लीचिंगच्या पाण्यावर कुणीतरी वासासाठी लिंबाचं पाणी ओतलं, आणि दोन बायकांना खोकल्याची उबळ थांबेना. त्यांना ओढून अंगणात आणावं लागलं. असं घडलं तर आधी माणसं मोकळ्या हवेत, दारं-खिडक्या उघड्या. श्वास लागत असेल तर थेट दवाखाना.

पितळ, चांदी, ॲल्युमिनियम

पितळेला चिंच लावून ठेवून दुसऱ्या कामाला लागू नका. दोन-तीन मिनिटांत घासून धुतलं नाही तर त्यातलं जस्त निघून भांड्यावर तांबूस झाक येते. धुऊन लगेच कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर थेंबांचे ठिपके राहतात. ॲल्युमिनियमला सोडा लावला की ते काळं पडतं. पडलं असेल तर त्यात पाणी आणि लिंबाच्या साली घालून उकळा, उजळतं. हुपरीच्या चांदीच्या पैंजणांच्या नक्षीत मुद्दाम काळपट काम ठेवलेलं असतं. ॲल्युमिनियम फॉइल आणि सोड्याच्या गरम पाण्यात ते टाकले तर नक्षीतला तो काळा रंगही निघतो आणि पैंजण सपाट दिसतात. असे दागिने मऊ फडक्यानेच पुसावेत.

साधनं

बांबूचा नवा ब्रश घ्यायचा म्हणून घरातला चांगला प्लास्टिकचा ब्रश टाकू नका. तो झिजेपर्यंत वापरा. शिंदीची केरसुणी ओल्या फरशीवर फिरवली की पाती कुजतात; ओल्यासाठी खराटा आहे. कोपऱ्यात टेकवून ठेवण्यापेक्षा खुंटीला टांगलेली केरसुणी वाकत नाही. नारळाच्या शेंडीची घासणी लोखंडी तव्याला उत्तम, पण नॉनस्टिकला तिने चरे पडतात. तिथे वेलीवर वाळू दिलेल्या घोसाळ्याची घासणी वापरा. तीही रोज पिळून उन्हात टाका आणि महिन्याने बदला. ओलसर राहिलेली कुठलीही घासणी जंतूंचं घरच असते. पुसायला जुनं धोतर, सुती लुगडं. नायलॉनची साडी पाणी ओढत नाही, नुसतं इकडून तिकडे ढकलते. ओट्याचं आणि संडासचं फडकं वेगळं ठेवा. मी संडासच्या फडक्याला लाल दोऱ्याची टीप घातली आहे, म्हणजे कामाला येणाऱ्या मावशींनाही विचारावं लागत नाही.

यातलं काहीही पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत भरू नका. रिठ्याचं पाणी कोकमाच्या सरबतासारखं नसलं तरी काळ्या चहासारखं दिसतं, बायोएन्झाइमला तर संत्र्याचा वास असतो, आणि तहानलेलं मूल लेबल वाचत नाही. आमच्याकडे या बाटल्या माळ्याच्या फळीवर आहेत, प्रत्येकीवर काय आहे, कधी केलं आणि “शहाबादीला नको” असं ठळक अक्षरांत लिहिलेलं.