टीवायच्या (बीएस्सी केमिस्ट्रीच्या तिसऱ्या वर्षाच्या) पोरांना एनएमआर (मॅग्नेटमध्ये सॅम्पल ठेवून रेणूची रचना ओळखायची पद्धत) स्वतःच्या हाताने करायला लावायचं असेल तर

छापील स्पेक्ट्रम (मशीनने काढलेले आलेख) वाटायचे, पोरांनी तक्ता बघून पीक (आलेखातले उंचवटे) ओळखायचे आणि परीक्षा झाली की विसरायचं, मी पण बरीच वर्षं हेच केलंय. आता थिअरी पूर्ण व्हायची वाट बघत नाही, पहिल्याच प्रॅक्टिकलला ट्यूब हातात देते.

मशीन म्हणाल तर टेबलावरचं 60 किंवा 80 मेगाहर्ट्झचं पुरतं, पर्मनंट मॅग्नेट असतो म्हणून लिक्विड हेलियमची कटकट नाही. तेही नसेल तर पुण्यात राहून पाषाण काही लांब नाही, एनसीएल आणि आयसर या दोन्ही संशोधन संस्था तिकडेच, सॅम्पल चालवून मिळतील का विचारून बघा, फक्त पीडीएफ घेऊन येऊ नका, एफआयडीची, म्हणजे मशीनच्या कच्च्या सिग्नलची फाइल मागा. फेजिंग (पीक सरळ करणं) आणि इंटिग्रेशन (पीकखालचं क्षेत्रफळ मोजणं, त्यावरून हायड्रोजन किती ते कळतं) पोरांनीच लॅपटॉपवर करायचं.

सॅम्पल त्यांनीच बनवलेलं इथाइल ॲसिटेट. 5 मिमीची ट्यूब, साधारण 0.6 मिली सीडीसीएल-थ्री (ड्युटेरियमवालं क्लोरोफॉर्म, हाच सॉल्व्हंट), त्यात एस्टरचा एखादा थेंब, उंची 4-5 सेंमी भरली की झालं. कण दिसले तर ड्रॉपरमध्ये कापूस घालून गाळा, नाहीतर शिमिंग (मॅग्नेटचं क्षेत्र एकसारखं करणं) नीट होत नाही आणि पीक जाडेभरडे येतात. सीडीसीएल-थ्री महाग असतं आणि पहिल्या दिवशी हात थरथरतातच, म्हणून जुन्या ट्यूबमध्ये पाणी भरून आधी सराव करून घ्या, खरं काम फ्यूम हूडमध्ये.

आता खरी मजा. 4.12 पीपीएमला (आलेखाच्या आडव्या पट्टीचं एकक) क्वार्टेट म्हणजे चार रेघांचा पीक, 2.05 ला सिंगलेट म्हणजे एकच रेघ, 1.26 ला ट्रिपलेट म्हणजे तीन रेघा, इंटिग्रेशनचं प्रमाण 2:3:3 यायला हवं. एका ग्रुपला 2.05 ला अगदी चिकटून 2.17 ला अजून एक पीक आला आणि दोन्ही मिळून इंटिग्रेशन पाच! "मॅडम, आमचा एस्टर चुकला का?" मी एवढंच विचारलं, ट्यूब कशाने धुतली होती? सगळे गप्प, मग मागून कुणीतरी, "अरे, ॲसिटोन!" 2.17 चा पीक त्या उरलेल्या ॲसिटोनचा. अशा वेळी उत्तर पटकन देऊन टाकू नका, जीभ चावून बसा. 7.26 चा सॉल्व्हंटमधला क्लोरोफॉर्म आणि 1.56 चं पाणी पण त्यांनाच शोधू दे.

मग ट्रिपलेटच्या शेजारशेजारच्या दोन रेघांमधलं अंतर पीपीएममध्ये मोजायला लावा, मशीनच्या मेगाहर्ट्झने (60 चं असेल तर 60 ने) गुणलं की साधारण 7 हर्ट्झ येतं, क्वार्टेटमध्येही तेवढंच, कपलिंग म्हणजे काय (शेजारच्या हायड्रोजनमुळे पीक फुटणं) ते तिथेच कळतं.

मोठ्या मशीनपाशी नेणार असाल तर कुणाला पेसमेकर आहे का ते आधी विचारा, एटीएम कार्ड, फोन बाहेर.

आणि ट्यूब गरम ओव्हनमध्ये तासन्‌तास ठेवू नका, वाकतात. ॲसिटोनने धुवून आडव्या ठेवा आणि पूर्ण वाळू द्या, नाहीतर 2.17 आहेच.