ई ५५ एएमजी: इंटरकूलरचा पंप बदलताना

मर्सिडीज ई ५५ एएमजीच्या (डब्ल्यू २११ मॉडेल) ५.४ लिटर व्ही-८ इंजिनावर स्क्रू प्रकारचा सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंप, बसतो. तो हवा साधारण ०.८ बारपर्यंत दाबतो आणि दाबलेली हवा तापतेच. ३० अंशांवर आत गेलेली हवा पूर्ण दाबाला बाहेर पडताना शंभरीच्या वर असते. ती थंड करायला तीन गोष्टी आहेत: सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या व्हीच्या पोटातला पाण्याचा इंटरकूलर, बंपरमागचा छोटा रेडिएटर आणि दोघांमध्ये कूलंट फिरवणारा मुठीएवढा विजेचा पंप. हा पंप मेला तरी इंजिन बंद पडत नाही, धूर येत नाही, बहुधा डॅशबोर्डवर दिवाही लागत नाही. ईसीयू (इंजिनचा संगणक) गरम हवा बघून इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो. चालकाला जाणवतं ते एवढंच, की गाडी जड झाली आहे.

आधी खात्री करा

ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) लावून आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. हायवेवर एका वेगात जाताना ते बाहेरच्या तापमानाच्या थोडं वर राहायला हवं. बंद ट्रॅकवर एकदा पूर्ण थ्रॉटल द्या (अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा) आणि सोडा. तापमान चढेल, पण ते मिनिटभरात उतरू लागलं पाहिजे. चढलेलं तिथेच बसून राहिलं, तर पाणी फिरत नाही असं समजा.

गार इंजिनावर पंपाचा आवाज येत नाही म्हणून तो बिघडला असं ठरवू नका. ईसीयू तो गरजेपुरताच चालू करतो. कनेक्टर काढा आणि फ्यूज असलेल्या वायरीने बॅटरीचे १२ व्होल्ट थेट द्या. पंप घुमायला हवा आणि होजवर (रबरी नळीवर) हात ठेवला तर थरथर लागायला हवी. ही चाचणी गाडी तापलेली असतानाही करा. जुने पंप बरेचदा गार असताना छान फिरतात आणि गरम झाले की अडकतात. थेट वीज दिल्यावर पंप नीट चालत असेल, तर दोष फ्यूज, रिले (छोट्या विजेवर मोठी वीज चालू करणारा स्विच) किंवा अर्थिंगमध्ये शोधा. तसाच नवा पंप बसवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पंप किती मोठा हवा?

पूर्ण ताकदीला इंटरकूलरला हवेतून ढोबळमानाने २० किलोवॅट उष्णता काढावी लागते. कूलंट मिनिटाला १० लिटर फिरत असेल, तर इंटरकूलरमधून जाताना ते ३० अंशांहून जास्त तापतं. २० लिटरला ही वाढ निम्म्यावर येते आणि ४० लिटरला साधारण ८ अंशांवर. म्हणजे पहिल्या दुपटीत १५-१६ अंश वाचले, दुसऱ्या दुपटीत फक्त ८. त्यापुढे पंप कितीही मोठा घ्या, उष्णता बाहेर टाकणारा पुढचा रेडिएटर तेवढाच राहतो. खरं घोडं तिथे पेंड खातं.

म्हणून साध्या गाडीला बॉशचा ० ३९२ ०२२ ०१० पुरतो. सुपरचार्जरची पुली बदलून दाब वाढवला असेल, तर जॉन्सनचा सीएम ३० घ्या, पण मोठ्या रेडिएटरसोबतच.

बसवणं

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका) आणि खालचं कव्हर काढा. पुढच्या रेडिएटरपासून होजचा माग काढत गेलात की पंप सापडतो. दोन्ही होजना चिमटे लावा, खाली परात ठेवा, आणि कुठली होज कुठे जाते याचा मोबाइलवर फोटो काढा. पंपाच्या तोंडासमोरची मधली नळी आत ओढणारी असते, कडेची बाहेर ढकलणारी. या उलट्या लागल्या तर पंप फिरतो, कूलंट मात्र उलट्या दिशेने वाहतं.

हा पंप स्वतः पाणी खेचून घेत नाही, म्हणून तो पाण्याच्या पातळीखालीच हवा. मोटर आडवी आणि कडेची नळी वरच्या अंगाला ठेवा, म्हणजे हवा आत अडकत नाही. कोरडा पंप दोन सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका. फुगलेल्या किंवा चिरलेल्या होज आणि क्लॅम्प याच वेळी बदला.

मोठ्या पंपाला जुन्या वायरीवरून वीज देऊ नका. जुन्या वायरीवर व्होल्ट स्थिर येतात हे मीटरने बघा आणि ती रिलेच्या ८६ क्रमांकाच्या पिनला जोडा. ८५ ला अर्थ, ३० ला बॅटरीवरून फ्यूजमधून आलेली २.५ चौरस मि.मी.ची वायर, ८७ ला पंप. फ्यूज पंपासोबतच्या कागदावर लिहिला असेल तोच घाला. पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर आणि बॅटरीवर व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर जोड किंवा अर्थिंग खराब आहे आणि पंप हळू फिरणार.

हवा काढणं

नवा पंप बसवूनही तापमान उतरत नाही, तेव्हा बहुतेक वेळा हवाच अडकलेली असते. व्हॅक्यूम फिलर (आधी हवा ओढून मग कूलंट भरणारं साधन) मिळाला तर उत्तम: निर्वात करून पाच मिनिटं थांबा, काटा हलला तर गळती आहे, नाही हलला तर कूलंट ओढू द्या. फिलर नसेल तर गाडीचं नाक उंच ठेवा, हळूहळू भरा, पंप थेट बॅटरीवर चालवा आणि होज दाबत राहा. बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत जा. घाई केली तर दोन दिवसांनी पुन्हा हेच करावं लागतं.

कंपनीच्या रचनेत या गाडीत इंटरकूलरचं आणि इंजिनचं कूलंट एकच असतं. त्यामुळे मर्सिडीजची मान्यता असलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी अर्धं-अर्धं घ्या. नुसतं पाणी उष्णता जास्त वाहतं हे खरं, पण इंजिनला गंज लागेल. स्वतंत्र टाकी लावून दोन्ही वर्तुळं वेगळी केली असतील, तरच कूलंटचं प्रमाण कमी करा, आणि तेही दुबई-मस्कतसारख्या ठिकाणी. टोरांटोत ते गोठेल.

रेडिएटर विसरू नका

बंपर उघडाच असेल तर पुढच्या रेडिएटरच्या पापुद्र्यांत अडकलेले किडे, पानं, माती मागून पुढे हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरने पापुद्रे वाकतात. रेडिएटरच्या कडेच्या फटीत फोमची पट्टी लावा, नाहीतर हवा त्याला वळसा घालून निघून जाते.

शेवटी तीच चाचणी, त्याच ट्रॅकवर, जवळपास त्याच हवामानात पुन्हा करा. लागोपाठ तीनदा पूर्ण थ्रॉटल द्या. तिसऱ्या वेळचं तापमान पहिल्यापेक्षा फारसं चढलेलं नसेल तर पंप, पाणी आणि रेडिएटर तिन्ही ठीक आहेत. प्रत्येक वेळी पायरी-पायरीने चढत असेल, तर पंपाला हात लावू नका, मोठा रेडिएटर बघा.